दाबोळी : दीड दिवसाचं युद्ध, साठ वर्षांची शांतता

उंडगा
मोपाचा नवा विमानतळ सुरू झाल्यापासून इथल्या गोव्याच्या प्रत्येक धाग्यावर टॅक्सीच्या भाड्यावरून दाबोळी विरुद्ध मोपा अशी कुस्ती लागते. मला त्यात उतरायचं नाही. पण त्या भांडणात एक वाक्य हमखास येतं : 'दाबोळी मूळचं नौदलाचंच, आपण तिथे पाहुणे.' हे अर्धंच खरं आहे आणि उरलेलं अर्धं जास्त मजेदार आहे, म्हणून हा वेगळा धागा.

दाबोळी नौदलाने बांधलं नाही. ते बांधलं पोर्तुगीजांनी, आणि तेही नागरी विमानतळ म्हणून. 1954 मध्ये दादरा आणि नगर हवेली त्यांच्या हातून गेली. 1955 च्या 15 ऑगस्टला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. त्या दोन-तीन वर्षांत भारताने गोव्याची आर्थिक कोंडी आवळत नेली. आगगाडी बंद, रस्ते बंद. गोव्यात बटाटे हॉलंडहून आणि सिमेंट जपानहून यायला लागलं! मुरगाव बंदर होतंच, पण बोटीने लिस्बन गाठायचं म्हणजे आठवडे जाणार. म्हणून वास्कोजवळच्या पठारावर 249 एकर जागा घेऊन धावपट्टी आखली गेली. पुढे तिला गव्हर्नर जनरल बेनार्ड गेदिश यांचं नाव दिलं. 1955 मध्येच 'ताइप' नावाची गोव्याची स्वतःची विमान कंपनी निघाली. दमण, दीव, कराची, आणि पुढे थेट लिस्बन. म्हणजे ही पट्टी जन्मली ती वेढ्याला खिडकी म्हणून.

आता युद्धाचा दिवस. 18 डिसेंबर 1961. हवाई मोहिमेची सूत्रं एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. वायुदलाला मिळालेल्या आदेशांत एक बारकावा होता, तो वाचून मी थबकलो : दाबोळीची धावपट्टी निकामी करायची, पण टर्मिनलची इमारत आणि बाकीच्या सोयींना धक्का लावायचा नाही. दमण आणि दीवच्या पट्ट्यांवर तर परवानगी मिळाल्याशिवाय हल्लाच नाही. घर आपलंच होणार आहे, तेव्हा फक्त अंगण खणा, असा हिशोब.

पहिल्या लाटेत विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली 12 कॅनबेरा बाँबफेकी विमानं आली. काही मिनिटांत 63,000 पौंड बाँब, म्हणजे साडेअठ्ठावीस टन. मग विंग कमांडर सुरिंदर सिंग यांची 8 कॅनबेरा. समोरून लढायला पोर्तुगीजांकडे एकही लढाऊ विमान नव्हतं. दोन्ही वेळा इमारती शाबूत राहिल्या. आणि आवारात उभी असलेली दोन प्रवासी विमानंही शाबूत राहिली : पोर्तुगालच्या 'ताप' कंपनीचं एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि ताइपचं एक डीसी-4.

त्या रात्री विमानतळावरच्या कामगारांनी पट्टीचा एक तुकडा कसाबसा बुजवला. अधिकाऱ्यांची काही कुटुंबं विमानात बसवली. सुपर कॉन्स्टेलेशनमधल्या जास्तीच्या खुर्च्या आणि नको ते सामान काढून फेकलं आणि मानुएल कोर्रेइया रेइश या वैमानिकाने ते धूड 700 मीटरांत उचललं. उडताना पट्टीवरचे दगडधोंडे लागून विमानाला 25 भोकं पडली आणि एक टायर फुटला. मागोमाग ताइपचे संचालक मेजर सोलानु द आल्मेइदा स्वतः डीसी-4 घेऊन निघाले. दोघंही अंधारात, समुद्राला जवळजवळ पोट घासत कराचीला पोचले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गव्हर्नर वासालु इ सिल्व्हा यांनी शरणागतीवर सही केली.

दाबोळीचं युद्ध एवढंच, दीड दिवसाचं. खरी गुंतागुंत शांततेत झाली, पण आधी लोक काय म्हणतात ते बघतो.

पिंपळपान
वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

सांबरेकर
बेळगावकरांना विसरू नका हो! सांबऱ्याचा तळ दाबोळीपेक्षा वयाने मोठा. 1942 मध्ये ब्रिटिश वायुदलाने दुसऱ्या महायुद्धात बांधला. ब्रह्मदेशाच्या आघाडीचा काळ तो, दक्षिण हिंदुस्थानात जागोजागी अशा पट्ट्या उठल्या. महायुद्ध संपल्यावर त्यांतल्या कित्येकांवर बाभळी उगवल्या, सांबरा टिकला. 1961 मध्ये हंटर आणि व्हँपायर ही लढाऊ विमानं इथून उडाली. बांबोळीचं वायरलेस केंद्र उडवलं ते सहा हंटरनी. आज बांबोळी म्हटलं की लोकांना फक्त मेडिकल कॉलेज आठवतं.

आमच्या लहानपणी म्हातारी माणसं सांगायची की त्या सकाळी शेतातले बैल बुजले होते. खरं-खोटं बैलांना माहीत.

शंकासुर
मला एक कळत नाही. साडेअठ्ठावीस टन बाँब टाकले, शिवाय दुसरी फेरी झाली, आणि त्याच रात्री चार इंजिनांची दोन विमानं त्याच पट्टीवरून उडून गेली. मग बाँबफेक फसली असंच म्हणायचं ना? की विजयाच्या गोष्टीत असे प्रश्न विचारायचे नसतात?

तिसरी_शिफ्ट
@शंकासुर, प्रश्न रास्त आहे. माझं आयुष्य डांबर आणि काँक्रीटमध्ये गेलं, त्यात काही वर्षं धावपट्ट्यांवर, म्हणून बोलतो.

धावपट्टी 'नष्ट' होत नसते. ती इमारत नव्हे, लांबलचक जमीन आहे. त्या काळचा साधा बाँब पडला की खड्डा होतो, कडेची फरशी उचकटते, दगडगोटे शंभर फूट उडतात. पण दोन खड्ड्यांच्या मधला तुकडा धडधाकट राहतो. बाँब टाकणाऱ्याचा हेतू एवढाच असतो की कुठलाही सलग तुकडा विमानाला पुरेल इतका लांब उरू नये. वरून, वेगात, बिनदिशादर्शक बाँबनी हे साधणं मोठं कठीण. म्हणून पुढे जगभर धावपट्टीसाठी वेगळे बाँब निघाले. ते आधी पृष्ठभाग भेदून आत शिरतात आणि मग फुटतात, म्हणजे खालचा भराव उखडतो. वरून भोक लहान दिसतं, खाली पोकळी. बुजवणाऱ्याला आधी ती सगळी उकरून काढावी लागते.

इकडे जमिनीवरच्या माणसाचं गणित उलटं. त्याला पूर्ण पट्टी नको असते. तो पावलं मोजत फिरतो आणि कमीत कमी किती खड्डे बुजवले तर सर्वांत लांब सलग तुकडा मिळेल ते बघतो. मग त्यात खडी-माती लोटून धुम्मस करायची, आणि झाडू. हो, झाडू! सर्वांत महत्त्वाचं हत्यार तेच. खड्डा बुजला तरी आजूबाजूला सांडलेली खडी चाकाखालून गोळीसारखी उडते. ती 25 भोकं कशाची वाटतात तुम्हाला? रात्री कंदिलाच्या उजेडात झाडायला वेळ मिळाला नाही, त्याची.

तेव्हा बाँबफेक फसली नाही. लढाऊ विमानं आणून तिथे तळ करणं त्या पट्टीवर शक्य राहिलं नव्हतं. पण ज्याला जीव घेऊन एकदाच उडायचंय, त्याला 700 मीटर पुरतात.

मोगरा
पट्टी बुजवण्याचा विषय निघालाच आहे तर भूज. डिसेंबर 1971 मध्ये पाकिस्तानी बाँबनी भूजच्या धावपट्टीची चाळण झाली. तळाचे प्रमुख होते स्क्वॉड्रन लीडर विजय कर्णिक. हाताशी मजूर नाहीत. मग शेजारच्या माधापर गावातल्या सुमारे 300 बायका आल्या आणि 72 तासांत पट्टी पुन्हा उडण्याजोगी केली. भोंगा वाजला की झुडपांत लपायचं, थांबला की पुन्हा घमेली. वरून दिसू नये म्हणून हिरव्या रंगाच्या साड्या नेसायला सांगितलं होतं. सरकारने नंतर 50,000 रुपये बक्षीस दिलं, ते वाटून घेण्याऐवजी गावाच्या सामाईक कामासाठी दिलं बायकांनी.

यावर निघालेल्या सिनेमाबद्दल मी बोलणार नाही, रक्तदाब वाढतो. खऱ्या गोष्टीत पुरेसं नाट्य असताना लोकांना मसाला का लागतो कोण जाणे.

तिसरी_शिफ्ट
@मोगरा ताई, अगदी! घमेली आणि हात. यंत्रं नंतर.

अवांतर : 1965 मध्ये पठाणकोटला विमानं उघड्यावर उभी असताना पाकिस्तानी सेबर विमानांनी येऊन दहा विमानं जमिनीवरच संपवली. त्यानंतर आपल्याकडे जाड भिंतींचे आडोसे आणि मातीच्या बांधांचे निवारे बांधायचं मनावर घेतलं गेलं. 3 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी पाकिस्तानने एकदम इतक्या तळांवर हल्ले केले तरी विमानांचं नुकसान किरकोळ झालं, त्याचं श्रेय त्या कंटाळवाण्या बांधकामाला जातं. शांततेच्या सहा वर्षांत ओतलेलं काँक्रीट होतं ते.

शंकासुर
पटलं. शब्द मागे घेतो (अर्धे).

बाय द वे, ते सुपर कॉन्स्टेलेशन मी पाहिलंय! बोगमाळोच्या रस्त्याला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे बाहेर उभं आहे. तीन शेपट्या, माशासारखं वाकडं अंग. म्हणजे कराचीहून परत आणलं की काय? भोकं मोजायला हवी होती.

जुना_सारंग
नाही हो शंकासुर, ते हे नव्हे. जात एक, घराणं वेगळं. संग्रहालयातलं विमान एअर इंडियाचं. जेट आल्यावर एअर इंडियाने कॉन्स्टेलेशन काढली, ती वायुदलाकडे गेली आणि 1976 मध्ये वायुदलाकडून नौदलाकडे आली, समुद्रावर लांबची टेहळणी करायला. म्हाताऱ्या प्रवासी विमानाने पाणबुड्या शोधायच्या! पण चालली ती, ऐंशीच्या दशकात निवृत्त होईपर्यंत. ज्या पट्टीवरून पोर्तुगीजांचं कॉन्स्टेलेशन पळालं, त्याच पट्टीवर आमची कॉन्स्टेलेशनं काही वर्षं रोज चढत-उतरत होती. तुमची गफलत समजण्यासारखी आहे.

मी नौदलात होतो आणि 'हंसा'वर, म्हणजे दाबोळीच्या नौदल तळावर, दोन वेळा नेमणूक झाली, म्हणून शांततेचा भाग थोडा मी लिहितो. धागाकर्त्याने रागावू नये.

आय.एन.एस. हंसा हे नाव मूळचं दाबोळीचं नाही. 1961 मध्ये तळ कार्यरत झाला तो कोइमतूरजवळ सुलूरला, समुद्रापासून लांब. 1964 मध्ये बिऱ्हाड दाबोळीला आलं. 'विक्रांत'वर जाणारी सी हॉक आणि आलिझे विमानं जहाज बंदरात असताना इथे मुक्कामाला. विमानवाहू जहाज गोदीत शिरलं की त्याची विमानं निराधार होतात, कारण उभ्या जहाजावरून ती उडत नाहीत. त्यांना जमिनीवर माहेर लागतं. दाबोळी हे ते माहेर. 1971 मध्ये 'विक्रांत' बंगालच्या उपसागरात गेली आणि 4 डिसेंबरला तिच्या सी हॉकनी कॉक्स बाजारच्या विमानतळावर हल्ला केला. दहा वर्षांपूर्वी स्वतः बाँब खाल्लेल्या पट्टीवर वाढलेली ही विमानं दुसऱ्याची पट्टी फोडायला गेली, असं म्हणा हवं तर.

1977 मध्ये टेहळणीची इल्युशिन-38 विमानं आली. डिसेंबर 1983 मध्ये पहिली सी हॅरिअर उतरली. सरळ उभी खाली येणारी ती विमानं बघायला कुंपणाबाहेर पोरं जमायची, आणि खरं सांगायचं तर कुंपणाच्या आतही आम्ही कामं टाकून बघायचो. आवाज असा की बरगड्या थरथरायच्या. मे 2016 मध्ये हॅरिअर निवृत्त झाली. तोवर मिग-29के रुळलं होतं. त्यांच्यासाठी तळावर जहाजाच्या टोकासारखा चढ बांधला आहे, उडायला. उतरायला पट्टीवर आडवी पोलादी दोरी, शेपटीखालच्या आकड्यात ती अडकते आणि विमान काही क्षणांत थांबतं. म्हणजे जमिनीवर केलेला जहाजाचा डेक. सप्टेंबर 2019 मध्ये नौदलाचं तेजस पहिल्यांदा असं दोरी पकडून थांबलं ते याच जागी.

एक दिवस मात्र शांततेतला असूनही युद्धातल्यासारखा गेला. 1 ऑक्टोबर 2002. इल्युशिनच्या पथकाला 25 वर्षं झाली म्हणून संचलन होतं. दोन विमानं हवेत एकमेकांना घासली. दोन्हींतली 12 माणसं गेली, खाली जमिनीवरही माणसं गेली. 1961 च्या दिवसावर सगळे बोलतात. या दिवसावर फार कोणी बोलत नाही. मीही जास्त लिहीत नाही.

मोगरा
🙏

वास्कोकार
सारंगकाका, तुमचं सगळं मान्य. पण कुंपणाबाहेरच्या पोरांपैकी मी एक, म्हणून बाहेरची बाजूही येऊ दे.

आमच्या घराच्या कौलांना हॅरिअरचा आवाज माहीत होता. तक्रार नाही, अभिमानच वाटायचा. पण सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठपासून दुपारी एकपर्यंत पट्टी नौदलाच्या सरावासाठी, हे गणित गोव्याच्या वाढीला किती वर्षं नडलं ते बघा. ऐंशीच्या दशकात युरोपातून चार्टर विमानं यायला लागली, मग देशी पर्यटक वाढले, आणि सगळी विमानं उरलेल्या तासांत कोंबायची. दुपारी एकनंतर टर्मिनल म्हणजे जत्रा. 2013 मध्ये नवी टोलेजंग इमारत झाली. इमारत वाढली, पण पट्टी एकच आणि तास तेवढेच. घर मोठं केलं, दरवाजा तोच ठेवला.

आणि 'आपण पाहुणे' हे ऐकलं की माझं डोकं उठतं. ज्यांच्या जमिनी 249 एकरांत गेल्या ते इथलेच होते ना?

जुना_सारंग
वास्कोकार, तुझा राग समजतो. पण सराव दुपारी किंवा रात्री करा म्हणणं सोपं आहे. दोरी पकडून उतरायला शिकणाऱ्या पोराला सकाळची स्थिर हवा आणि स्वच्छ नजर लागते. त्याला पुढे हेच हलत्या जहाजावर करायचं असतं. तिथे चूक झाली तर खाली समुद्र.

उंडगा
दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हणूनच मला मधलं एक वर्ष महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट ही.

डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला. मेजर जनरल कुन्हीरामन कँडेथ लष्करी गव्हर्नर झाले. एप्रिल 1962 मध्ये दाबोळी नौदलाच्या हवाई शाखेच्या ताब्यात गेलं. जूनमध्ये कँडेथ पदावरून उतरले. गोव्यात पहिली निवडणूक झाली डिसेंबर 1963 मध्ये, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले ते त्यानंतर. तारखा शेजारी-शेजारी ठेवून बघा. गोव्याचा एकमेव विमानतळ कोणाकडे जावा हे ठरलं तेव्हा गोव्याच्या वतीने बोलायला निवडून आलेलं कोणी नव्हतंच. यात कपट होतं असं मी म्हणत नाही. पट्टीवर खड्डे होते, ते बुजवायला साधनं आणि पैसा हवा होता, तो सैन्याकडे होता. नवी विमानवाहू नौका ताफ्यात आली होती, तिच्या विमानांना किनाऱ्यावर जागा हवी होती. त्या क्षणी सर्वांत सोयीचं तेच होतं. पण तात्पुरत्या सोयीचा निर्णय साठ वर्षं टिकला, आणि मग लोकांना वाटायला लागलं की हे मूळचंच असं आहे.

टर्मिनलला धक्का लावू नका हा 1961 चा आदेश मला म्हणूनच पुन्हा पुन्हा आठवतो. तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उद्याचे प्रवासी होते असं मला वाटतं. नंतरच्या माणसांच्या डोळ्यांपुढे विमानवाहू जहाज होतं. दोन्ही स्वप्नं एकाच पट्टीवर उतरली आणि तेव्हापासून वेळापत्रकासाठी भांडतायत.

तिसरी_शिफ्ट
'तात्पुरत्या सोयीचा' हा शब्द आवडला. आमच्या धंद्यात तर नियमच आहे, जे तात्पुरतं म्हणून ओतलं जातं ते कोणी उकरत नाही.

सांबरेकर
आणि मोपा? 2016 मध्ये पायाभरणी, जानेवारी 2023 मध्ये पहिली विमानं. आता दाबोळीवरचा भार हलका होईल, नौदलाला मोकळीक मिळेल, सगळे खूश?

वास्कोकार
खूश कसले बाबा. दक्षिण गोव्यातली माणसं आता 'दाबोळी बंद करू नका' म्हणून ओरडतायत. टॅक्सीवाले, हॉटेलवाले, सगळे. मीपण त्यांतलाच! मोपा पडलं उत्तरेला पेडण्यात, तिथे जायचं म्हणजे अख्खा गोवा ओलांडायचा. आयुष्यभर ज्या विमानतळाला शिव्या दिल्या त्याच्यासाठी मोर्चात उभा राहिलोय.

पिंपळपान
धागा वर काढतोय. आणि ते टॅक्सीच्या भाड्याचं इथे सुरू करू नका, हात जोडतो.

शंकासुर
पुढच्या महिन्यात दाबोळीहून परत यायचंय, मुद्दाम खिडकीची जागा घेतली आहे. आजची पट्टी सुमारे 3.4 किलोमीटर आहे म्हणे. म्हणजे 700 मीटर हा जेमतेम पाचवा हिस्सा. विमान धावायला लागलं की सेकंद मोजणार आणि बघणार, पाचवा हिस्सा कुठे संपतो.

जुना_सारंग
जरूर मोजा. फक्त तिकिटावरची वेळ कोणती आहे?

शंकासुर
मंगळवार, सकाळी 8.10.

वास्कोकार
मग विमान वीस मिनिटांच्या आत सुटू दे म्हणून देवाला सांग. नाहीतर सेकंद नव्हे, तास मोजत बसशील.